पोटात फुलपाखरं? कोल्हापुरात?

कळलं का तुम्हाला? नाही? मग जरा जवळ सरका, हे मोठ्यानं बोलायचं नाही. मराठी कथेतल्या नायिकेच्या पोटात फुलपाखरं उडायला लागलीत. एखादीच्या नव्हे, झाडून सगळ्यांच्या. त्याचा मेसेज आला, फुलपाखरं. मुलाखतीला नाव पुकारलं, फुलपाखरं. सासूबाईंनी आतून "अगं ए" अशी हाक मारली, फुलपाखरं. मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या एका प्रेमकथेत तर ती गारगोटीच्या एसटीत उडाली. आणि ज्या पोटात उडाली त्या पोटात, लेखिकेनं वरच्याच परिच्छेदात लिहिल्याप्रमाणं, दोन भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. खर्ड्यात फुलपाखरू जगलं कसं, याचा खुलासा पुढच्या भागात होईल म्हणून आमच्या गल्लीतल्या बायकांनी जागून वाट बघितली. पुढच्या भागात त्यांचा थवा झाला होता.

ही कोल्हापूरच्या पोटाची बदनामी आहे, दुसरं काही नाही. ज्या गावात सकाळी कट वाढवून घेऊन मिसळ आणि दुपारी तांबडा-पांढरा होतो, तिथल्या पोटात नाजूक पंखांचं काही दहा मिनिटं तरी टिकेल का? बरं, मराठी पोट काही रिकामं पडलेलं नव्हतं. तिथं जुने भाडेकरू आहेत. भीतीचा गोळा येतो, काळजीचा खड्डा पडतो, मायेची कालवाकालव होते, भुकेचे कावळे ओरडतात. त्या कावळ्यांनी या नव्या पाहुण्यांचं काय केलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

पाहुणे आले इंग्रजीतून, हे उघड आहे. अनुवादांतून आले, वेबमालिकांच्या मराठी संवादांतून आले, इंग्रजी शाळेत शिकून मराठीत प्रेम करणाऱ्या पोरांच्या बोलण्यातून आले. येऊ देत बापडे. 'टेन्शन' आलं तेव्हा आम्ही हाकललं का? आज कोल्हापुरात माणसाला धीर द्यायचा तर "टेन्शन घिऊ नगंस भावा, मी हाय न्हवं" याच्यापुढं दुसरं वाक्य सुचत नाही. दवाखान्याच्या बाहेर तेच, बारावीच्या निकालाला तेच, उसाचं बिल अडकलं तरी तेच. 'टेन्शन' गावात मुरलं, इथलंच झालं. फुलपाखरंही मुरतील कदाचित. आमचा राग त्यांच्यावर नाहीच.

खरी भानगड पुढं आहे. ती ऐका.

मराठी कथेतून 'घाबरला' हे क्रियापद गायब झालंय. पोलिसांत वर्दी द्यावी इतकं गायब. साधं, चार अक्षरांचं, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. 'ती घाबरली', विषय संपला, कथा पुढं चालू. पण आता घाबरायचं झालं तर शरीरातला एखादा अवयव पुढं करावा लागतो. छातीत धस्स होतं. काळजात चर्र होतं. घशाला कोरड पडते, तळहात ओले होतात, पायांतलं बळ जातं. आणि हृदयाचा ठोका तर असा चुकतो, असा चुकतो की एखाद्या हृदयविकारतज्ज्ञाच्या हातात आपला दिवाळी अंक पडला तर तो आधी सगळ्या नायिकांचे ईसीजी काढायला सांगेल. एका वाचनालयाच्या पुस्तकात आम्ही पेन्सिलीनं लिहिलेला शेरा बघितला. 'तिच्या छातीत धस्स झालं' याच्या शेजारी कुणीतरी बारीक अक्षरात विचारलं होतं, 'परत?' पुढच्या पानावर दुसऱ्या हस्ताक्षरात उत्तर होतं: 'अजून आहे, पुढं वाचा.'

हे खूळ आणलं कुणी? आमचा संशय लेखन-कार्यशाळांवर आहे. तिथं पहिल्याच तासाला सांगतात, "सांगू नका, दाखवा." मंत्र मुळात खोटा नाही. पण 'दाखवा' म्हटल्यावर लोकांनी दाखवलं काय, तर घाम. ज्याला त्याला कपाळावर घर्मबिंदू. हिवाळ्यात, आंबोलीच्या धुक्यात, मोटारीत गारवा सोडलेला असताना घर्मबिंदू. 'तो घाबरला' असं लिहिलं तर कुणीतरी 'हे सांगणं झालं, दाखवणं नाही' म्हणेल, या धास्तीनं लेखक स्वतःच घामेघूम. म्हणजे पात्राच्या भीतीपेक्षा लेखकाची भीती मोठी, आणि पानावर उमटते ती तीच.

अवयवांची वाटणीसुद्धा ठरून गेलीय बरं का. नायिकेला हृदय. तिचा ठोका चुकणार, ऊर धपापणार, ओठ दाताखाली जाणार. पूर्वी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जायचं आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली जायची. आता पदर उरला नाही आणि फरशी उकरता येत नाही, म्हणून ती मोबाइलचं कव्हर काढते-घालते. आईला काळीज. आईच्या काळजात 'चर्र'च होणार, 'धस्स' नाही. धस्स तिच्या मुलीला. वडिलांना काहीच होत नाही, ते फक्त येरझाऱ्या घालतात, आणि तिसऱ्या येरझारीला चष्मा काढून पुसतात. शेतकऱ्याच्या पोटात गोळा. कारकुनाला घाम. खलनायकाला आवंढा; तो गिळला की समजायचं, पोलीस दारात आले. आणि नायक? नायकाला घाबरायची परवानगी नाही. त्याच्या कानशिलाची शीर तेवढी थरारते. एवढ्या सगळ्या मंडळींत 'मला भीती वाटते' असं तोंडानं म्हणणारं फक्त लहान मूल, आणि भुताच्या कथेत तेही म्हणत नाही.

भुताच्या कथेवरून आठवलं. भागाभागानं लिहिणाऱ्यांची तर वेगळीच अडचण. भाग संपवायचा तर शेवटच्या ओळीत काळजाचा ठोका चुकवावाच लागतो, नाहीतर वाचक पुढचा भाग उघडत नाही. म्हणून रात्री दार वाजतं, मागं काहीतरी पडतं, तिच्या पाठीतून थंडगार शिरशिरी जाते, क्रमशः. दुसऱ्या दिवशी आपण धावत उघडावं तर काय? मांजर. मांजरानं भांडं पाडलेलं. मराठी कथेतल्या मांजरांनी आजवर जेवढी भांडी पाडलीत तेवढी भांडीगल्लीतही नसतील. दूरचित्रवाणीवाल्यांनी तर शब्दांचाही त्रास ठेवला नाही. सासूचं तोंड तीनदा जवळ येतं, तीनदा ढोल वाजतो, जाहिरात लागते.

आता कुणी म्हणेल, ही सगळी हल्लीची थेरं. छे! हे दुखणं फार जुनं आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आठ सात्त्विक भाव मोजून ठेवलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मराठीत उतरवून बघा. जागच्या जागी थिजला. दरदरून घाम फुटला. अंगावर काटा आला. शब्द घशात अडकले. पाय लटपटले. चेहरा पांढराफटक पडला. डोळ्यांत पाणी तरळलं. शुद्ध हरपली. परवाच्या कादंबरीत आणि या यादीत फरक काय? आपल्या नव्या लेखकांचं कौतुक करावं तर ते एवढंच की एवढ्या शतकांनी त्यांनी यादीत एक कीटक वाढवला.

फक्त एक गोष्ट त्यांनी भरतमुनींकडून उचलली नाही, आणि नेमकी तीच कामाची होती. मुनी आधी विभाव विचारतात, म्हणजे भीती कशाची. मग अनुभाव, म्हणजे ती अंगावर कशी दिसली. आमच्याकडं अनुभावांची रेलचेल आणि विभावाच्या जागी मांजर.

कादंबरी नवी नवी आली तेव्हा तर सगळी भिस्त यादीतल्या आठव्या भावावर होती. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. त्या अद्भुतरम्य काळात संकटं इतकी दाट की नाजूक माणसाला मूर्च्छेशिवाय दुसरी सोय नव्हती. पुढं हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये यमूला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलं, आणि मराठी बाईची भीती घरातल्या माणसांशी, दारामागच्या कुजबुजीशी जोडली गेली. तिथं शुद्ध हरपून भागत नाही. शुद्धीवर राहून भोगावं लागतं.

मग आले आमचे भाऊसाहेब खांडेकर. शिरोड्याची शाळा सोडून 1938 मध्ये कोल्हापुरात आले, मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी लिहिलं, इथंच राहिले, आणि 'ययाति'च्या लेखकाला 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. भाऊसाहेबांच्या पात्राला साधं घाबरता येत नाही, हे मान्य. भीती आली की तिच्यामागून उपमा येते, उपमेमागून चिंतन येतं, आणि भीती बिचारी चिंतन संपेपर्यंत दारात उभी. आमच्यातले काही जण यावर अजून खुसखुशतात. हसा. पण 'ययाति' (1959) नीट बघा. तो राजा मुळात मरणाला आणि म्हातारपणाला भ्यालेला माणूस आहे, आणि त्या भीतीपायी तो पोटच्या पोराचं तारुण्य मागतो. इतकं मोठं कारण हाताशी असल्यावर चार उपमा जास्त झाल्या म्हणून कुणाचं काय गेलं? त्याच्याकडं मांजर नाही.

ज्यांच्याकडं मांजरं होती तेही काही साधे नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाडाला घेऊन हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजार पुस्तकांत माणूस किती तऱ्हांनी दचकवणार? नारायण धारपांनी मात्र एक गोम ओळखली होती. भीतीचा शब्द जितका उशिरा येईल तितका वाचक लवकर घाबरतो. आधी जिना, मग वास, मग न उघडणारं कपाट. वाचक स्वतः घाबरलेला असताना पात्राला घाम फुटला की नाही, कोण बघत बसतं?

पण कोल्हापूरकरांनी हे सगळं पुस्तकात शोधायची गरज काय? इथली माणसं घाबरतात कशी, ते कान उघडे ठेवले की ऐकू येतं. खेड्यातली म्हातारी सरळ म्हणते, "मला भ्या वाटतंय." कॉलेजातला पोरगा म्हणतो, "सर आलं, माझी तर टरकलीच." दुसरा म्हणतो, "तंतरली." तिसरा एक शब्द आहे तो छापत नाहीत, पण बोलतात सगळे, शिंप्याच्या दुकानातही तोच शब्द चालतो, तिथं मात्र त्याला सभ्य मानतात. आणि अंगावर काटा यायची वेळ आली की कोल्हापुरी माणूस घाबरत नाही, दाद देतो: "काटा किर्र!" वैऱ्याच्या अंगावर यावं ते इथं रश्श्याच्या कौतुकाला येतं.

या बोलीचं सोनं केलं ते इथल्याच लेखकांनी, आणि त्यांना कुठलाही अवयव उसना घ्यावा लागला नाही. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची 'टारफुला' (1964) उभीच आहे धास्तीवर. गावावर वचक असलेला पाटील जातो आणि आता गाव कुणाच्या हातात जाणार, ही भीती घराघरांत शिरते. धस्स एका माणसाच्या छातीत होऊन भागत नाही, अख्ख्या गावाची झोप उडते. कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' (1987) घ्या. पोराला शाळेत जायचंय, बाप जाऊ देत नाही. मग पोरगं आणि आई रात्री दत्ताजीराव देसायांकडं जातात, गाऱ्हाणं घालतात, आणि वर विनवतात की आम्ही इथं येऊन गेलो, हे दादाला, म्हणजे बापाला, सांगू नका. झालं. त्या एका विनवणीत त्या घरातली सगळी भीती आली. बाप कसा आहे, आई किती वर्षं दबून आहे, पोरानं किती मार खाल्लाय, सगळं. घाम कुणाला फुटला, ठोका कुणाचा चुकला, विचारायचं सुचत नाही. 1990 मध्ये याच पुस्तकाला साहित्य अकादमी मिळाली. हृदयाच्या ठोक्यांवर मिळाली नव्हती.

आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची गोष्ट वेगळी. 'मृत्युंजय'चा (1967) नायक कर्ण. त्याच्या छातीवर जन्मजात कवच. आत काही धस्स झालंच असेल तर बाहेर ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता.

छोट्या पडद्यावर मात्र कोल्हापुरी घाबरण्याची महाराष्ट्रभर जाहिरात झाली ती 2016 मध्ये सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला'नं. चित्रीकरण इथल्याच वसगड्यात. राणादा पैलवान, समोरच्याला उचलून आपटेल असा. पण पाठकबाई समोर आल्या की गडी गारद. मान खाली, शब्द गायब, फार झालं तर "चालतंय की". वाडा बघायला वसगड्याला माणसांच्या गाड्या लागायच्या. त्या भाबड्या घाबरण्यावर घरोघरच्या आत्या-मावश्या फिदा. आणि खमंग बातमी अशी की राणादा आणि पाठकबाई साकारणाऱ्या हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी 2022 मध्ये खरोखरच लग्न केलं. म्हणजे इतके भाग घाबरलेलं अगदीच वाया गेलं नाही.

पैलवान घाबरतो का, हा प्रश्न इथं विचारायचा नसतो. पण खासबागेत विचारावा लागत नाही, दिसतं. शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं रिंगण बघितलं आणि परत येऊन हे मैदान उभारलं, 1912 मध्ये ते तयार झालं. कुठंही बसा, कुस्ती दिसणारच, अशी त्याची रचना. पण तिथं कुस्तीइतकंच कुस्तीच्या आधीचं बघण्यासारखं असतं. गडी मातीत उतरतो, मूठभर लाल माती उचलतो, अंगाला लावतो, समोरच्याच्या हातावर ठेवतो. कुणी गरजेपेक्षा जास्त वेळ शड्डू ठोकत राहतो. कुणी लांगेची गाठ पुन्हा चाचपतो, जी मघाशीच वस्तादानं घट्ट केलेली असते. उतारावर शेंगा खात बसलेल्या माणसालाही कळतं, काय चाललंय ते. एकाही लेखकाला त्या गाठीकडं गेलेला हात दिसू नये? तो पैलवानाच्या 'कपाळावरच्या घर्मबिंदूं'वर थांबतो. अरे, पैलवानाला घाम येणारच! सकाळपासून हजारभर जोर मारतो तो.

आमच्यातले एक डॉक्टर आहेत, त्यांना ही चर्चा पटत नाही. त्यांचं म्हणणं, पोटातला गोळा ही थापेबाजी नाही. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या पुस्तकात हेच मांडलं: भीती वाटली की अॅड्रेनलिन सुटतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, पचन थांबतं, म्हणजे लढायला किंवा पळायला माणूस तयार. तेव्हा पोटात काहीतरी होतंच. बरोबर आहे डॉक्टर. पण वाचकाच्या पोटात काही झालं पाहिजे ना! पात्राच्या पोटातलं तुम्ही बघा.

मधल्या काळात आणखी एक शब्द शिरलाय, तो म्हणजे 'अँक्झायटी'. त्याची चेष्टा नाही. ज्यांना तो आजार आहे त्यांना विचारा. पण कथेत तो वापरतात कसा? नायिकेनं 'हाय' पाठवलं, दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही, लगेच 'तिला अँक्झायटी आली'. पाहुणी आल्यासारखी आली, चहा घेऊन गेली. एका नवख्या लेखिकेला आमच्या टोळक्यातल्या काकूंनी विचारलं, "म्हणजे तिला भ्या वाटलं का गं?" ती म्हणाली, "नाही काकू, तसं डीप आहे ते." काकूंनी विचारलं, "कशाचं वाटलं?" यावर तिला काही सांगता येईना. काकूंनी नाट्यशास्त्र वाचलेलं नाही, हे इथं नमूद करतो.

आता शेवटची, आणि ही खरोखर कुणाला सांगू नका. आमच्या ओळखीतल्या एका होतकरू लेखकानं ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलीय. काळ 1660 चा पावसाळा. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, मार्चपासून चालू. जुलैच्या त्या रात्री शिवाजी महाराज निसटतात, मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडं. नायक आहे पालखी वाहणारा एक साधा भोई. कल्पना फक्कड आहे, सगळ्यांना आवडली. पहिलं प्रकरण वाचायला तो रंकाळ्यावर आला, भेळेच्या गाड्यापाशी. पाऊस झाला, चिखल झाला, मशाली विझवल्या. मग त्यानं आवाज खाली आणला आणि वाचलं, "भोयाच्या पोटात गोळा आला."

मागून एक जण म्हणाला, "कुणाचा? राजापूरच्या इंग्रजांचा?"

लेखक गोंधळला. त्याला म्हणे आठवतच नव्हतं की त्या वेढ्यात इंग्रज तोफ घेऊन आले होते आणि पन्हाळ्यावर खरेखुरे गोळे टाकत होते. त्यानं पेन काढलं, ओळ खोडली, वर काहीतरी लिहिलं. वाचून दाखव म्हटलं तर दाखवेना. शेवटी काकूंनी वहीच ओढून घेतली. लिहिलं होतं: 'भोई भ्याला. पण पालखी हलू दिली नाही.'

"एवढंच?" लेखकाचा मित्र म्हणाला. "ह्यो असा भ्याला, तसा भ्याला, काय न्हाई?"

काकू भेळवाल्याला म्हणाल्या, "ह्या लेखकाला एक भेळ दे. तिखट घाल."